खालच्या कोंडातलं खवलं

“आज माझी लाल झाली.”

“हट्. ही कसली लाल? येसूची बघ, कोकमाच्या आगळासारखी हाय.”

करवंदीच्या जाळीआड मी थांबलो. मधली सुट्टी संपली होती, मुलगे व्हाळावरून, म्हणजे ओढ्यावरून, परतले नव्हते, म्हणून हाक मारायला आलो होतो. खालच्या कोंडावरच्या कातळावर सगळे एकतीस ओळीने उभे होते, पाण्याकडे तोंड करून. व्हाळात जिथे पाणी खोल साचतं त्या जागेला आमच्याकडे कोंड म्हणतात. पाथरवणी गावाचे असे दोन कोंड. एक वर, जंगलाच्या कडेला. दुसरा खाली, शाळेच्या पायथ्याशी, मुलगे पोहायचे तो.

ती ओळ माझीच होती. दोन वर्षांपूर्वी मी या शाळेत आलो तेव्हा मुलगे शाळेमागच्या चिऱ्याच्या भिंतीपाशी लघवीला उभे राहायचे आणि दुपारी वारा फिरला की वर्गात बसवत नसे. मी घंटेबरोबर ओळ लावून त्यांना व्हाळावर पाठवायला सुरुवात केली. चार-सहा महिन्यांत वास गेला. डिप्टी साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी शेरेबुकात लिहिलं, ‘परिसर निर्मळ. मुलांची व्हाळावर जाण्याची शिस्त इतर शाळांनी पाहून घ्यावी.’ तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. तो शेरा मला पाठ होता.

मी जाळीतून पुढे झालो. मुलं गप्प झाली.

“येसू, काय लाल?”

येसू म्हणजे गावचे प्रमुख, गावकर सोनू पाष्टे यांचा मुलगा, चौथीतला. वर्गात सर्वांत दांडगा. तो हसला. “काय नाय गुर्जी. लघवी.”

“किती दिवस?”

“लय दिवस. मोठं व्हायला लागलं की होतं तसं. आजा सांगतो. त्याला पन व्हायची. उन्हाळी लागते. आय धन्याचं पानी देते.”

“दुखतं?”

तेव्हा त्याचं हसू गेलं. कातळाकडे बघत तो म्हणाला, “शेवटाला. निखारा लावल्यासारखं.”

वर्गात गेल्यावर मी मुलींना पाटी घेऊन ओसरीवर बसवलं आणि ज्यांना लाल होते त्या मुलग्यांना हात वर करायला सांगितलं. एकोणीस हात वर झाले. काहींचे तर अभिमानाने.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी पत्र लिहिलं, मग दुसरं लिहिलं. पौषाच्या शेवटी डॉक्टर नाडगौडा आले. उंच, वाकलेले, सतत घाईत असलेले गृहस्थ. लाकडी पेटीतून त्यांनी सूक्ष्मदर्शक काढला, माझ्या टेबलावर खिडकीपाशी मांडला आणि दोन दिवस मुलांच्या बाटल्या तपासल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला नळीला डोळा लावायला सांगितलं. आत लांबट अंडं दिसलं, एका टोकाला काटा असलेलं.

“हा किडा आहे, गुरुजी. मूत्राशयाशी राहतो. तिथे जखमा करतो.”

“पोटात गेला कसा?”

“पोटातून नाही गेला. पाण्यात होता. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून शिरतो. त्याआधी तो गोगलगायीच्या अंगात वाढतो.”

“कुठल्या गोगलगायीच्या?”

“तेच मला ठाऊक नाही. तेच शोधायचंय.” बाहेर जीप उभी होती. त्यांनी रुंद तोंडाची एक काचेची बरणी टेबलावर ठेवली. “मी आठ दिवसांनी येतो, तेव्हा बाकीचं सांगेन. तोवर दोन्ही कोंडांतल्या जेवढ्या जातीच्या गोगलगाई दिसतील तेवढ्या काठीने किंवा झाऱ्याने काढून ह्यात ठेवा. पाणी घालून. खालच्या कोंडात मुलांना उतरू देऊ नका. आणि इतक्यात कुणाला काही नक्की सांगू नका.”

शिकवण्याची मला फार हौस. नवं काही कळलं की ते फळ्यावर गेल्याशिवाय मला चैन पडत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रंगीत खडू काढले. एक व्हाळ काढला, एक मुलगा काढला आणि मध्ये एक गोगलगाय काढली. मला माहीत होती ती, वरच्या कोंडातल्या दगडांना चिकटलेली, लिंबाएवढी, गोल शंखाची. गोगलगायीतून पाण्यात बाण, पाण्यातून मुलाच्या पायात बाण. चित्र सुरेख झालं होतं. कुठली गोगलगाय ते अजून कळायचंय, हे वाक्य मी बोललो नाही. अर्धवट वाक्य शिकवायला मला आवडत नसे.

शेवटच्या रांगेत सोनकी बसली होती. तिने हात वर केला.

सोनकी हिलम, कातकऱ्यांची. वरच्या कोंडाशी तीन झोपड्या होत्या, त्यांतल्या एकीत ती आणि तिची आई ठमी. बाप दोन वर्षांमागे साप चावून गेला होता. तिला शाळेत आणायला मी तीन वेळा वर चढून गेलो होतो. तिसऱ्या वेळी ठमी चुलीवरचं मडकं ढवळत म्हणाली होती, “न्या. पन शिकून परत येल का आमच्यात?” मडक्यात गोगलगाई शिजत होत्या. तिने मला दाखवलंही होतं, शंखाचं शेपूट कसं तोडायचं आणि मांस कसं चोखून घ्यायचं. “ह्या दगड चाटतात,” ती म्हणाली होती. “म्हनून कोंडाचा तळ दिसतो. ह्या नसत्या तर नुसतं शेवाळ.” ते मी वहीत टिपून घेतलं होतं.

“काय गं?” मी विचारलं.

“गुर्जी, ही आमी खातो.”

वर्ग हसला. मीही हसलो असेन. “शिजवून खाता ना? मग किडा मरतो,” मी म्हणालो आणि पुढच्या धड्याकडे वळलो.

संध्याकाळपर्यंत तो फळा घरोघर पोचला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना सोनू पाष्टे ओसरीवर येऊन बसले. शांत माणूस. गावात त्यांचा शब्द चालायचा आणि तो त्यांनी कधी चढ्या आवाजात टाकलेला मला आठवत नाही.

“गुर्जी, आमाला एक सांगा. ती गोगलगाय म्हंजे कातकरनी काढतात तीच ना?”

“गोगलगायीतून रोग येतो हे डॉक्टरांनी सांगितलंय.”

“म्हंजे तीच.”

“बहुधा.”

“त्या वर बसून शंख फोडतात, धुतात. घान पान्यात सोडतात.” ते हळूहळू बोलत होते, जणू स्वतःलाच समजावत होते. “काल येसू रात्रभर उठत होता. आता गाठी पडतात रक्ताच्या. मी बाप हाय, गुर्जी.”

मला त्या क्षणी एवढंच म्हणायचं होतं की मला नक्की माहीत नाही. पण फळ्यावरचं चित्र अजून पुसलं नव्हतं आणि पाष्टे दारातून त्याच्याकडेच बघत होते.

त्यानंतरच्या सकाळी शाळा भरण्याआधीच सोनकी दारात उभी. परकर ओलाचिंब, केसांतून पाणी गळतंय. हातात जांभळीचं एक कुजकं पान, दोन्ही तळव्यांत धरलेलं.

“गुर्जी, ही बगा. खालच्या कोंडात हायत. पानांखाली ढीगभर. वर आमच्याकडं एक पन नाय.”

“खालच्या कोंडात उतरलीस? उतरायचं नाही सांगितलं होतं ना?”

“उतरल्याबिगर कशी दिसनार? तळात बसून पानं उलटी केली.”

मी पान घेतलं. खालच्या बाजूला मसुरीच्या डाळीपेक्षा लहान, चपटे, करडे ठिपके चिकटले होते.

“हे माशाचं खवलं आहे, सोनके. गोगलगायीला शंख असतो, वळ्यांचा. फळ्यावर काढलाय बघ.”

“खवलं नाय. हिला पाय हाय. चालते.”

“कुठे चालते? मला तर नाही दिसत.”

“हळू चालते. बसावं लागतं बगत.”

मुलं येऊ लागली होती. घंटा द्यायची होती, प्रार्थना घ्यायची होती. मी म्हणालो, “बरं, ठेव बरणीत.” तिने पान अलगद पाण्यात सोडलं, बरणी खिडकीत सावलीला सरकवली आणि काचेला नाक लावून उभी राहिली. मी तिला ओले कपडे बदलून ये म्हणून घरी पाठवलं. त्यानंतर ती शाळेत आली नाही.

दुपारी देवळापुढच्या सहाणेवर, पालखीच्या दगडी चौथऱ्यावर, गाव बसला. मला बोलावणं होतं. ठमीलाही. ती खाली, वडाच्या मुळाशी उभी राहिली.

सोनू पाष्टे म्हणाले, “ठमे, तुमी झोपड्या उचला. रोग तुमच्या कोंडातून येतो. दोन दिवस घ्या.”

“आमच्या कोंडातून?” ठमीने मान वर केली. “दादा, पौषातच व्हाळाची धार तुटली. आमचं पानी तुमच्याकडं येतंच कुठं? आन दुसरं. गोगल्या खातो आमी, त्या कोंडात दिवसभर आमी. आमची चार पोरं हायत. एकाला तरी लाल होतं का इचारा. आजारी तुमची पोरं आन रोग आमच्यात?”

ती माझ्याकडे वळली.

“गुर्जी, तुमी सांगा. तुमी शिकलेलं हाव.”

मी आयुष्यभर मुलांना शिकवत आलो की आधी नीट बघा, मग बोला. त्या सहाणेवर त्या बाईने चार वाक्यांत जे मांडलं तेवढं सरळ मला माझ्या विद्यार्थ्यांकडून कधी मिळालं नाही. ते बरोबर आहे हे मला तिथेच कळलं. मी म्हणालो, “डॉक्टर चार दिवसांत येतील. तोवर थांबावं असं मला वाटतं.”

“चित्र कोनी काढलं, गुर्जी?” मागून कुणीतरी विचारलं.

“मीच.”

“मंग ते खोटं हाय काय?”

सगळे माझ्याकडे बघत होते. सोनू पाष्टेही. त्यांचे डोळे जागरणाने लाल झाले होते.

“खोटं नाही,” मी म्हणालो. “पण थांबावं.”

“पोरं रगत मुततायत आन थांबावं,” तोच आवाज म्हणाला आणि सभा उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोफळींवर मारायला आणलेलं मोरचूद पोत्यांनी वर गेलं. दहा-बारा जण होते. मी मागोमाग गेलो, पण काठापासून चार पावलं मागे थांबलो. निळे खडे पाण्यात पडले, विरघळले, कोंडाच्या कडा आधी निळ्या आणि मग दुधाळ झाल्या. दुपारपर्यंत मासे पोट वर करून तरंगू लागले. खेकडे दगडांवर चढून बसले आणि तिथेच वाळले. गोगलगाई एकेक करून दगडावरून सुटत होत्या आणि तळाला जात होत्या. त्यांचा काही आवाज होत नव्हता.

कातकऱ्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. प्यायचं पाणी तेच, खायचं तेच. ठमीने झोपडीचे वासे सोडवले, भारा बांधला, डोक्यावर मडकं ठेवलं. सोनकीच्या काखेत पाटी होती. उतरताना ती माझ्यापाशी थांबली.

“गुर्जी, चालली का ती?”

“कोण?”

“बरनीतली.”

मी पाहिलं नव्हतं. “पाहतो,” म्हणालो.

डॉक्टर ठरल्या दिवशी आले. मी काही सांगायच्या आत त्यांची नजर खिडकीवर गेली. बरणी उचलून ते उन्हात गेले आणि ती फिरवून फिरवून बघू लागले. करडे ठिपके पानावरून निघून काचेवर चढले होते. त्यांतले दोन बरणीच्या तोंडापर्यंत पोचले होते.

“ही कुणी आणली?”

“एका मुलीने. खवलं आहे असं मला वाटलं.”

“शंखाला वळं नसलं तरी गोगलगायच असते, गुरुजी. टोपीसारखी.” त्यांनी चिमट्याने दोन ठिपके काढून छोट्या नळीत पाण्यात टाकले आणि नळी उन्हात ठेवली. तासाभराने मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. थेंबभर पाण्यात शेपटी दुभंगलेले किडे वळवळत होते. शेकड्यांनी. दोन मसुरीएवढ्या जिवांतून निघालेले.

“हीच ती,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी आनंदाने वही उघडली. “कुठे सापडली?”

“खालच्या कोंडात.”

“वरच्या नाही?”

“नाही. वरच्या एकही नाही म्हणाली.”

“मग आता उरलेलं सांगतो. त्या दिवशी घाईत राहून गेलं. रोगी माणसाच्या लघवीतून किड्याची अंडी पडतात. ती पाण्यात पडली तरच फुटतात. जमिनीवर पडली तर उन्हात वाळून मरतात, रोग तिथेच संपतो. पाण्यात पडली तर ह्या गोगलगायीत शिरतात, महिनाभराने हे किडे होऊन बाहेर येतात आणि पोहणाऱ्या पोराच्या अंगात जातात. म्हणजे खालच्या कोंडात रोज कुणीतरी लघवी करत असणार. पुष्कळ जण. गुरुजी, तुमची मुलं लघवीला कुठे जातात?”

मधली सुट्टी होती. पाण्यात उतरायची मी मनाई केली होती, ओळीची नाही. खिडकीतून ती दिसत होती, कातळावर, पाण्याकडे तोंड करून. सरळ आणि शांत. मला काही सांगावं लागलं नाही.

मी दुसऱ्या दिवसापासून ओळ बंद केली. शाळेमागे खड्डा खणून घेतला, मुलग्यांना तिथे जायला लावलं. गावाला सांगितलं, डॉक्टरांचा हुकूम आहे. डॉक्टरांनी मुलांना टोचायला सुरुवात केली. ती औषधं फार कडक होती. मुलं ओकून ओकून पालथी पडायची. येसू भिंतीला टेकून बसायचा, ओठ पांढरे, आणि मला विचारायचा, “गुर्जी, अजून किती?”

वैशाखात मला कुणीतरी सांगितलं की हिलम मंडळी घाटाखालच्या कोळशाच्या भट्टीवर आहेत. एका रविवारी चालत गेलो. ठमी भट्टीवर माती थापत होती. मला बघून तिने काम थांबवलं नाही.

“ठमे, मी सांगायला आलोय. ती गोगलगाय तुमच्या कोंडातली नव्हती. सोनकीने आणली ती होती. आणि रोग,” मला थांबावं लागलं, “रोग माझ्या शाळेच्या मुलांमुळे पसरला. मी त्यांना कोंडावर पाठवत होतो.”

ती थापत राहिली. मग म्हणाली, “पोरीला लाल होतं आता. पंधरा दिस झाले.”

मी हिशेब केला. शिक्षकाचं डोकं ते कुठेही करतं. माघातली ती सकाळ, ओलाचिंब परकर. तळात बसून पानं उलटी केली होती तिने. तीन महिने होत आले होते.

“तिला घेऊन चला. डॉक्टर अजून गावात येतात. पावसाळ्यापर्यंत टोचतील. ती बरी होईल.”

“कुठं येऊ? त्याच गावात?”

“हो.”

“घेतील?”

मी भट्टीकडे बघितलं.

“तुमी गावात सांगितलंत का हे? आत्ता मला सांगितलंत तसं?”

“अजून नाही.”

“मंग सांगा.” तिने हातावरची माती झटकली. “सहानेवर सांगा, सगळ्यांसमोर. जितं आमाला जा म्हनाले तितं. गावानं बोलावलं तर येऊ. चोरून नाय येनार.”

सोनकी पाटी घेऊन आली. लिहायची पाटी नव्हे, कोळसा वाहायची. ती काळी झाली होती, डोळे तेवढे ओळखू आले.

“गुर्जी, खवलं नव्हतं ना ते?”

“नव्हतं. चालत होतं. काचेवर चढलं.”

तिने मान डोलावली, वर्गात उत्तर बरोबर आल्यावर डोलवायची तशी, आणि पाटी भरायला गेली.

परतीच्या वाटेवर मी वाक्यं जुळवली. सहाणेवर उभं राहून काय बोलायचं ते सगळं पाठ केलं. पण गावात लग्नसराई होती, मग पेरणी आली. येसूची लघवी स्वच्छ झाली होती आणि सोनू पाष्टे माझ्या घरी काकडीचा पहिला वेल लावायला स्वतः आले होते. वरच्या कोंडाचे दगड हिरव्या शेवाळाने बुळबुळीत झाले होते. तिथे आता डासांखेरीज काही नव्हतं.

आषाढात नवे डिप्टी साहेब तपासणीला आले. सोनू पाष्टे शाळा समितीचे म्हणून शेजारच्या खुर्चीवर बसले होते. साहेबांनी शेरेबुक उघडलं, आधीच्या साहेबांचा शेरा मोठ्याने वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“व्हाळावर जाण्याची शिस्त. उत्तम. पण मी आलो तेव्हा मुलं मागच्या बाजूला जाताना दिसली. ओळ बंद केली का?”

“हो, साहेब.”

“का बरं?”

सोनू पाष्टे माझ्याकडे बघत होते. वर्गातले एकतीस मुलगे बघत होते. शेवटच्या रांगेत एक जागा रिकामी होती. पाठ केलेली सगळी वाक्यं मला शब्दन् शब्द आठवत होती.

“पावसात वाट निसरडी होते,” मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं.

दिवाळीनंतर मी पुन्हा भट्टीवर गेलो. काळी माती होती, आणि दुसऱ्याच कुणाच्या झोपड्या.